एक पक्ष, दोन सह्या: फिलिपिन्समधील पीडीपी-लाबानच्या फुटीचे प्रकरण

५ मे २०२२ रोजी, मतदानाला अवघे चार दिवस उरले असताना, फिलिपिन्सच्या निवडणूक आयोगाने (तिकडे त्याला ‘कॉमेलेक’ म्हणतात) पीडीपी-लाबान या पक्षाचे खरे धनी कोण याचा निकाल दिला. ऊर्जामंत्री आल्फोन्सो कुसी यांचा गट अधिकृत ठरला आणि पक्षसंस्थापकाचे चिरंजीव, सिनेटर आक्विलिनो ‘कोको’ पिमेंतेल यांच्या गटाचा दावा फेटाळला गेला. गंमत अशी की, तोवर दोन्ही गटांपैकी कोणाचाही राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार या पक्षाच्या नावावर रिंगणात उरलेला नव्हता. सत्ताधारी पक्ष, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोड्रिगो दुतेर्ते ज्याच्या सर्वोच्च पदावर, प्रतिनिधीगृहात ज्याचे सर्वाधिक सदस्य, असा पक्ष देशातील सर्वोच्च पदाच्या निवडणुकीत स्वतःचा माणूस उभा करू शकला नाही. हे कसे घडले, एवढाच या अभ्यासाचा विषय आहे. फुटीचे खापर सहसा २०२१ मधील दोन व्यक्तींच्या भांडणावर फोडले जाते. माझ्या मते तिची बीजे ऑक्टोबर २०१५ मध्ये भरलेल्या एका उमेदवारी अर्जात आहेत.

पक्षाच्या नावातच दोन वेगवेगळ्या संघटना आहेत. ‘लाबान’ म्हणजे लाकास नग बायान ही आघाडी विरोधी नेते निनॉय आक्विनो यांनी १९७८ मध्ये उभी केली, तीही तुरुंगातून. लष्करी कायद्याच्या अमलाखाली हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनी हंगामी विधिमंडळाची निवडणूक घेतली होती. मनिला महानगरातील २१ जागांसाठी लाबानने २१ उमेदवार दिले. मतदानाच्या आदल्या रात्री, ६ एप्रिलला, लोकांनी भांडी बडवून आणि गाड्यांचे भोंगे वाजवून शहर दणाणून सोडले. तरीही निकालात लाबानचे २१ च्या २१ उमेदवार पराभूत झाले आणि इमेल्डा मार्कोस यांच्या नेतृत्वाखालील सरकारी यादी जशीच्या तशी निवडून आली. त्या पराभूतांमध्ये मिंडानाओ बेटावरच्या कागायान दे ओरो शहराचे वकील आणि कोको यांचे वडील आक्विलिनो पिमेंतेल हेही होते. याच पिमेंतेल यांनी १९८२ मध्ये ‘पार्तिदो देमोक्रातिको पिलिपिनो’ म्हणजे पीडीपी स्थापन केला. २१ ऑगस्ट १९८३ रोजी मनिलाच्या विमानतळावर निनॉय यांची हत्या झाली, त्याच वर्षी दोन्ही संघटना एकत्र आल्या आणि पुढे त्यांचा एकच पक्ष झाला.

पिमेंतेल यांच्या बाबतीतली एक घटना पुढच्या सगळ्या प्रकरणाच्या संदर्भात महत्त्वाची आहे. मार्कोस यांनी घडवून घेतलेल्या १९७३ च्या संविधानात पक्षांतरबंदीचे कलम होते: निवडून आलेल्या कोणत्याही पदाधिकाऱ्याला मुदत संपेपर्यंत पक्ष बदलता येत नसे. १९८० मध्ये पिमेंतेल आपल्या शहराचे महापौर म्हणून निवडून आले. ते १९७८ मध्ये लाबानच्या नावावर लढले होते आणि आता दुसऱ्या विरोधी आघाडीच्या नावावर आले, एवढ्या आधारावर त्यांच्यावर पक्षांतराचा ठपका ठेवून निवडणूक आयोगाकरवी त्यांना पदावरून हटवण्याचा प्रयत्न झाला. शहरातील लोक रस्त्यावर उतरले. हुकूमशहाच्या विरोधात एका निवडणुकीनंतर दुसरी निवडणूक लढवणे हे ‘पक्षांतर’, आणि सत्तेच्या गोटात जाणाऱ्यांना मात्र सगळे माफ, असा त्या कलमाचा व्यवहारातला अर्थ होता. १९८७ च्या नव्या संविधानात ते कलम ठेवले गेले नाही. त्यामागची चीड समजण्यासारखी आहे, परंतु दार उघडेच राहिले, आणि त्याच दाराने पिमेंतेल यांचा पक्ष पुढे भरला आणि ओसही पडला.

फेब्रुवारी १९८६ च्या जनआंदोलनानंतर निनॉय यांच्या पत्नी कोराझॉन आक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या पीडीपी-लाबानच्या असल्या तरी सल्वादोर लॉरेल यांच्याशी झालेल्या तडजोडीमुळे त्यांनी निवडणूक लॉरेल यांच्या ‘युनिदो’ या पक्षाच्या नावावर लढवली होती. सत्ता आली आणि दोन वर्षांतच पक्ष फुटला. आक्विनो यांचे बंधू होसे ‘पेपिंग’ कोहुआंको यांचा मोठा गट १९८८ मध्ये दुसऱ्या सरकारधार्जिण्या पक्षाशी मिळून ‘लाबान नग देमोक्रातिकोंग पिलिपिनो’ या नव्या पक्षात गेला. पिमेंतेल मूठभर लोकांसह मूळ नावाजवळ राहिले. सत्तेजवळ जाताच फुगणे आणि नंतर फुटणे हा क्रम या पक्षाने तेव्हाच एकदा पाहिला होता.

पुढची पंचवीसेक वर्षे थोडक्यात सांगता येतील. पिमेंतेल सिनेटर म्हणून प्रतिष्ठा मिळवून होते. १९९१ ची स्थानिक स्वराज्य संहिता ही त्यांचीच कामगिरी मानली जाते, आणि संघराज्य पद्धतीचा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. पक्ष मात्र लहानच राहिला. माकातीचे महापौर जेजोमार बिनाय यांच्या रूपाने २०१० मध्ये पक्षाला उपराष्ट्राध्यक्षपद मिळाले, पण त्यांचे पिमेंतेल पितापुत्रांशी बिनसले आणि २०१४ मध्ये ते पक्ष सोडून स्वतःची आघाडी उभारायला गेले. पक्षाजवळ उरले ते नाव, नोंदणी आणि एक जुनी शिस्त. ही शिस्त नवीन सदस्यांसाठी होती: मूलभूत शिबिराला बसल्याशिवाय आणि पक्षाची तत्त्वे समजून घेतल्याशिवाय सदस्यत्व मिळत नसे. फिलिपिन्सच्या इतर मोठ्या पक्षांत असा नियम शोधूनही सापडणे कठीण.

एक अर्ज

२०१६ च्या निवडणुकीसाठी उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख १६ ऑक्टोबर २०१५ होती. मिंडानाओवरील दाव्हाओ शहराचे महापौर रोड्रिगो दुतेर्ते लढणार की नाही, यावर कित्येक महिने चर्चा चालू होती. त्यांनी त्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला नाही. त्याऐवजी पीडीपी-लाबानच्या नावावर मार्टिन दिन्यो या गुन्हेगारीविरोधी संघटनेच्या कार्यकर्त्याने शेवटच्या दिवशी अर्ज दाखल केला. आपल्याकडे ज्याला डमी अर्ज म्हणतात तसाच हा प्रकार होता. फिलिपिन्सच्या निवडणूक संहितेत तरतूद अशी आहे की, एखाद्या पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतली तर त्याच्या जागी त्याच पक्षाचा, पक्षाने प्रमाणित केलेला दुसरा उमेदवार देता येतो. अपक्षाला ही सोय नाही. दिन्यो यांच्या अर्जात तर राष्ट्राध्यक्षपदाऐवजी पासाय शहराच्या महापौरपदाचा उल्लेख राहून गेला होता आणि तो अर्ज ग्राह्य धरावा की नाही यावरच वाद झाला. दिन्यो यांनी ऑक्टोबर संपण्यापूर्वी माघार घेतली आणि नोव्हेंबरअखेर त्यांच्या जागी दुतेर्ते उमेदवार झाले.

हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा होता. दुतेर्ते यांना मुदत उलटून गेल्यावरही उभे राहता येईल असे नोंदणीकृत नाव हवे होते, आणि पिमेंतेल यांच्या पक्षाला मिंडानाओचा, संघराज्याची भाषा बोलणारा, निवडून येण्याजोगा माणूस हवा होता. थोरल्या पिमेंतेल यांची वर्षानुवर्षांची मागणी एका लोकप्रिय नेत्याच्या तोंडी आली, हे पक्षाला भुरळ घालणारे होते यात शंका नाही. परंतु शिबिरे घेऊन कार्यकर्ता घडवणाऱ्या पक्षाने आपले सर्वांत मोठे तिकीट एका कोऱ्या जागेसारखे वापरू दिले, हेही तितकेच खरे. यानंतर पक्ष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर सदस्यांच्या हाती राहिले नाही. उमेदवारीच्या प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडे ते गेले.

पूर

९ मे २०१६ रोजी दुतेर्ते सुमारे ३९ टक्के मते घेऊन निवडून आले. त्याच दिवशी झालेल्या प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीत पीडीपी-लाबानला फक्त ३ जागा मिळाल्या, तर मावळत्या राष्ट्राध्यक्षांच्या लिबरल पक्षाला ११५. पुढचे अडीच महिने पक्षप्रवेशांचे होते. २५ जुलै रोजी नवे सभागृह बसले तेव्हा पीडीपी-लाबानचे पँतालिऑन आल्वारेझ २५१ मतांनी सभापती झाले आणि त्याच दिवशी कोको पिमेंतेल सिनेटचे अध्यक्ष झाले. तीन सदस्यांचा पक्ष दोन्ही सभागृहांच्या शिखरावर जाऊन बसला.

याला निव्वळ संधिसाधूपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्यामागचा हिशेबही पाहायला हवा. जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडून येणारे प्रतिनिधी बहुतेक ठिकाणी आपापल्या घराण्याच्या बळावर येतात. मतदार त्यांना मत देतो, पक्षाला नव्हे. मतदारसंघातले रस्ते, दवाखाने, शाळा यांसाठीचा पैसा मात्र मनिलाहून सुटतो आणि तो सोडवण्यात राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा शब्द चालतो. आमदारांच्या मर्जीने खर्च होणारा विकासनिधी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, त्यानंतर तर सरकारी खात्यांच्या दारी जाण्यावाचून पर्यायच उरला नाही. विरोधी बाकावर बसण्याची किंमत प्रतिनिधीपेक्षा त्याचा मतदारसंघ मोजतो. पक्ष बदलल्याने जागा जात नसेल, तर न बदलणारा माणूस आपल्याच मतदारांना वेडा वाटेल. कायद्याने पक्षांतराबद्दल जागा गमावण्याची शिक्षा फक्त पार्टी-लिस्ट पद्धतीने, म्हणजे पक्षाच्या यादीला मिळालेल्या मतांवर, निवडून आलेल्या प्रतिनिधींना आहे, आणि त्यांचा वाटा सभागृहाच्या एक पंचमांशच आहे. दहाव्या परिशिष्टाची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे विचित्र वाटेल. अर्थात ते परिशिष्ट असूनही आपल्याकडे काय झाले, हे महाराष्ट्राला निराळे सांगायला नको.

या पुरात शिबिरांची शिस्त टिकणे शक्यच नव्हते. प्रांतोप्रांतीचे राज्यपाल आणि महापौर गटागटाने शपथ घेऊन आत आले. जुने सदस्य बाजूला पडल्याची तक्रार वाढत गेली आणि २०१८ मध्ये त्यांतल्या एका गटाने स्वतंत्र मेळावा भरवून वेगळे पदाधिकारी निवडले. तो दावा टिकला नाही, पण इशारा पुरेसा होता. त्याच वर्षी दुतेर्ते यांच्या कन्या सारा यांनी दाव्हाओत ‘हुगपोंग नग पागबाबागो’ हा स्वतःचा प्रादेशिक पक्ष काढला. २३ जुलै २०१८ रोजी, राष्ट्राध्यक्ष वार्षिक अभिभाषणासाठी सभागृहात येऊन थांबले असताना, सभापती आल्वारेझ यांना खाली खेचून माजी राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मकापगाल-अर्रोयो यांना त्या खुर्चीवर बसवण्यात आले, आणि त्या उलथापालथीत सारा यांचा हात असल्याचे उघडपणे बोलले गेले. ज्या पक्षाचे सभागृहात सर्वांत मोठे संख्याबळ होते त्याच्याच सभापतीला त्याच्याच सदस्यांनी मतदान करून घालवले. पक्षाचा आदेश म्हणून काही चालतो, हा समज तेथेच संपायला हवा होता. २०१९ मध्ये पक्षाने प्रतिनिधीगृहाच्या ८२ जागा जिंकल्या आणि तो विषय मागे पडला. थोरले पिमेंतेल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले.

अध्यक्ष की सभापती

डिसेंबर २०२० मध्ये कोको पिमेंतेल यांनी पक्षाचे कार्यकारी प्रमुखपद मुष्टियोद्धे सिनेटर मॅनी पॅकियाव यांच्याकडे सोपवले. पक्षाच्या रचनेत दोन पदे होती: सर्वांत वरचे, पण मुख्यतः मानाचे पद दुतेर्ते यांच्याकडे, आणि संघटना चालवणारे पद आता पॅकियाव यांच्याकडे, कुसी हे दुतेर्ते यांच्या खालोखाल. सोयीसाठी पहिल्या पदाला येथे सभापती आणि दुसऱ्याला अध्यक्ष म्हणू (प्रतिनिधीगृहाचा सभापती वेगळा). शांततेच्या काळात अशी दोन पदे सुखाने नांदतात. पण पॅकियाव यांना राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते, आणि घटनेनुसार पुन्हा राष्ट्राध्यक्ष होऊ न शकणाऱ्या दुतेर्ते यांना २०२२ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे करावे, असे त्यांच्या माणसांच्या मनात होते. दोन्ही गोष्टींना पक्षाचे प्रमाणपत्र लागणार होते.

३१ मे २०२१ रोजी कुसी यांनी सेबू येथे राष्ट्रीय परिषदेची बैठक घेतली. अशा बैठकीला जाऊ नये, ती अधिकृत नाही, असे पत्रक पॅकियाव यांनी आधीच काढले होते. कुसी यांचे म्हणणे असे की, बैठक बोलवायला स्वतः सभापतींनी, म्हणजे दुतेर्ते यांनी, सांगितले आहे. बैठक झाली आणि दुतेर्ते यांनी उपराष्ट्राध्यक्षपद लढवावे असा ठराव झाला. जून महिन्यात पॅकियाव यांनी दक्षिण चीन समुद्राबाबतच्या मवाळ धोरणावर टीका केली, नंतर सरकारी खात्यांतील भ्रष्टाचाराचे आणि कोविडकाळातील मदतनिधीच्या वाटपातील गोंधळाचे आरोप केले. दुतेर्ते यांनी त्यांना नावे सांगा, पुरावे द्या, म्हणून जाहीर आव्हान दिले. जुलैच्या सुरुवातीला पॅकियाव पुढच्या लढतीच्या सरावासाठी अमेरिकेला गेले. ते तिकडे असतानाच १७ जुलै रोजी पांपांगा प्रांतातील क्लार्क येथे कुसी गटाने राष्ट्रीय अधिवेशन भरवले, त्याला दुतेर्ते स्वतः हजर राहिले, आणि अध्यक्षपदी पॅकियाव यांच्या जागी कुसी निवडले गेले. २१ ऑगस्टला लास वेगासमध्ये पॅकियाव योर्देनिस उगास यांच्याकडून हरले. आठच दिवसांनी, २९ ऑगस्टला, पिमेंतेल आणि पॅकियाव यांच्या गटाने आपले अधिवेशन घेऊन दुतेर्ते यांना सभापतिपदावरून दूर केले व कोको पिमेंतेल यांना तेथे बसवले.

आता पक्षात सगळे दोन दोन होते आणि दोघांच्याही बाजूने काहीतरी बोलता येण्यासारखे होते. संस्थापकाचे घराणे, जुने कार्यकर्ते आणि मार्कोसविरोधी वारसा पिमेंतेल यांच्याकडे. पदावरचा राष्ट्राध्यक्ष, मंत्री आणि बहुसंख्य लोकप्रतिनिधी कुसी यांच्याकडे. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. संस्थापकांच्या पक्षाचे रक्षणकर्ते म्हणून पुढे आलेले पॅकियाव २०१६ मध्ये बिनाय यांच्या आघाडीतून सिनेटर झाले होते आणि निवडून आल्यावर पीडीपी-लाबानमध्ये आले होते. पुराच्या पाण्याला बांध घालायला निघालेला माणूसही त्याच पाण्याबरोबर आलेला होता. तत्त्वाची लढाई म्हणून पिमेंतेल गटाने जे मांडले त्याला यामुळे मर्यादा पडते, आणि कोको पिमेंतेल यांनी २०१६ ते २०२० या काळात हाच पूर आनंदाने स्वीकारला होता, हेही विसरता येत नाही.

प्रमाणपत्रांची धावपळ

८ सप्टेंबरला कुसी गटाने राष्ट्राध्यक्षपदासाठी दुतेर्ते यांचे निकटवर्ती सिनेटर बाँग गो आणि उपराष्ट्राध्यक्षपदासाठी दुतेर्ते यांची नावे जाहीर केली. १९ सप्टेंबरला पिमेंतेल गटाने पॅकियाव यांना उमेदवारी दिली. प्रकरण आयोगाकडे गेले होते, परंतु अर्जाची तारीख निकालासाठी थांबणार नव्हती. फिलिपिन्समध्ये पक्षाचे निवडणूकचिन्ह हा कळीचा मुद्दा नाही. मतदार छापील नावासमोरचा गोल रंगवतो. महत्त्व असते ते आपल्या एबी फॉर्मसारख्या उमेदवारीच्या प्रमाणपत्राला. वादग्रस्त सहीचे प्रमाणपत्र जोडून अर्ज भरायचा आणि नंतर निकाल विरुद्ध गेला तर उमेदवारी धोक्यात, बदली उमेदवार देण्याची वाटही बंद. हा धोका दोन्ही गटांच्या वकिलांना कळत होता.

म्हणून १ ऑक्टोबरला पॅकियाव यांनी अर्ज भरला तो ‘प्रोमदी’ या सेबूतल्या लहान पक्षाच्या नावावर. पक्ष वाचवण्यासाठी भांडणाऱ्या गटाचा उमेदवार दुसऱ्याच पक्षाचा झाला. दुसऱ्या दिवशी दुतेर्ते बाँग गो यांच्यासह अर्ज भरण्याच्या ठिकाणी आले. ते उपराष्ट्राध्यक्षपदाचा अर्ज भरणार असे सगळे धरून चालले होते; प्रत्यक्षात त्यांनी राजकारणातून निवृत्त होत असल्याचे सांगितले आणि तो अर्ज गो यांनी भरला. ८ ऑक्टोबरला, अखेरच्या दिवशी, कुसी गटाने राष्ट्राध्यक्षपदासाठी सिनेटर रोनाल्ड ‘बातो’ देला रोसा यांचा अर्ज दाखल केला. दिन्यो यांच्या अर्जाची आठवण सगळ्यांनाच झाली. अंदाज खरा ठरला: १३ नोव्हेंबरला देला रोसा यांनी माघार घेतली आणि गो राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत आले, तेही पीडीपी-लाबानच्या नव्हे तर ‘पीडीडीएस’ नावाच्या एका मित्रपक्षाच्या नावावर. त्याच दिवशी सारा दुतेर्ते लाकास-सीएमडी या अर्रोयो यांच्या पक्षातून उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या. वडिलांचा पक्ष वडिलांच्याच मुलीला लागला नाही. दोन दिवसांनी दुतेर्ते यांनी सिनेटसाठी अर्ज भरला, आणि १४ डिसेंबरला दुतेर्ते व गो या दोघांनीही माघार घेतली.

उमेदवार नसलेल्या कुसी गटाने मार्च २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी फर्डिनंड मार्कोस कनिष्ठ यांना पाठिंबा जाहीर केला. मार्कोस यांच्या राजवटीविरुद्ध लढण्यासाठी जन्मलेला पक्ष चाळीस वर्षांनी त्यांच्या मुलामागे उभा राहिला. दुतेर्ते स्वतः मात्र अखेरपर्यंत तटस्थ राहिले. सहा आठवड्यांनी आयोगाने ज्या गटाला पक्षाचे नाव दिले तो हाच गट.

निकालानंतर

९ मे २०२२ रोजी मार्कोस सुमारे ५९ टक्के मतांनी निवडून आले. पॅकियाव तिसऱ्या क्रमांकावर राहिले. पीडीपी-लाबानने प्रतिनिधीगृहात ६६ जागा जिंकल्या आणि तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. मार्कोस यांच्या स्वतःच्या पक्षाला त्या सभागृहात केवळ २ जागा होत्या. तरीही प्रतिनिधीगृहाचे सभापती झाले मार्कोस यांचे मामेभाऊ... अधिक नेमके सांगायचे तर इमेल्डा यांच्या माहेरचे मार्टिन रोमुआल्देझ, लाकास-सीएमडीचे. आणि पुढच्या काळात २६ जागांचा लाकास फुगत शंभराच्या आसपास पोचला, तर ६६ जागांचा पीडीपी-लाबान वितळत गेला. २०१६ मध्ये लिबरल पक्षाचे जे झाले तेच, त्याच कारणांनी. आयोगाच्या निकालाने कुसी गटाला नाव मिळाले, माणसे थांबली नाहीत.

कोको पिमेंतेल यांनी २०२५ पर्यंत सिनेटमध्ये विरोधी पक्षनेता म्हणून काम केले. २०२४ मध्ये अधिकृत पक्षाने नावातून ‘लाबान’ हा भाग काढून टाकला आणि फक्त पीडीपी हे नाव ठेवले. निनॉय आक्विनो यांच्याशी असलेला नावापुरता दुवाही त्यामुळे तुटला. अध्यक्षपद अभिनेते-सिनेटर रॉबिन पादिया यांच्याकडे आले. मार्कोस आणि दुतेर्ते या घराण्यांची युती तोवर मोडली होती. ११ मार्च २०२५ रोजी दुतेर्ते यांना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटावरून मनिलात अटक होऊन द हेगला नेण्यात आले, आणि दोन महिन्यांनी झालेल्या सिनेटच्या निवडणुकीत पीडीपीच्या नावावर बाँग गो पहिल्या व देला रोसा तिसऱ्या क्रमांकाने निवडून आले. प्रतिनिधीगृहात त्याच पक्षाचे अस्तित्व नगण्य होते. सिनेटर संपूर्ण देशाच्या मतांवर येतो आणि प्रतिनिधी जिल्ह्याच्या, हा फरक लक्षात घेतला की विसंगती उरत नाही: देशभर पसरलेली दुतेर्ते यांची लोकप्रियता त्या दोघांना पुरली, जिल्ह्यांतील घराण्यांना मात्र मनिलाकडेच पाहावे लागले.

पक्षांना सरकारी अनुदान द्यावे, त्यांच्या हिशेबांची तपासणी व्हावी आणि मुदतीच्या मध्यात पक्ष बदलणाऱ्यांवर निर्बंध असावेत, अशी विधेयके फिलिपिन्सच्या संसदेत या दोन दशकांत वारंवार मांडली गेली आहेत. त्यांपैकी एकाचाही कायदा झालेला नाही. तसा कायदा २०१५ मध्ये असता तरी दिन्यो यांच्या अर्जाची वाट त्याने अडवली नसती, कारण ती पक्षांतराची नव्हे, पक्षाच्या स्वतःच्या संमतीची वाट होती. मे ते जुलै २०१६ मधला पूर मात्र नक्कीच अडला असता, आणि मग २०२१ मध्ये कुसी यांच्या अधिवेशनाला क्लार्कमध्ये जमायला एवढी माणसे पक्षात नसती.